उत्तरदायी आरोग्यसेवा संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या रुग्णसमुदायाच्या शुश्रूषेची गुणवत्ता व तिचा एकंदर खर्च या दोहोंची जबाबदारी स्वेच्छेने व सामायिकपणे पत्करणारा डॉक्टर, रुग्णालये इत्यादींचा संघ. डार्टमथ येथील एलियट फिशर यांनी २००६ मध्ये पुढे मांडलेल्या या कल्पनेला २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने मेडिकेअर या, मुख्यत्वे ६५ वर्षे व त्यांवरील वयाच्या नागरिकांसाठी असलेल्या, सरकारी विमायोजनेत स्थान दिले, व २०१२ पासून तिचा अंमल सुरू झाला.

१९६५ साली स्थापन झालेल्या मेडिकेअरमध्ये प्रत्येक तपासणीचा व शस्त्रक्रियेचा मोबदला स्वतंत्रपणे अदा करण्याची वहिवाट असल्यामुळे कामे जितकी अधिक तितकी प्राप्ती अधिक, असा हिशेब रूढ झाला. आणि रुग्णाची प्रकृती सांभाळणाऱ्या, परंतु बिलात न दिसणाऱ्या कामांना कोणी वाली उरला नाही. हृदय दुर्बल झालेला वृद्ध रुग्णालयातून घरी परतला की, त्याची नवी औषधे जुन्या औषधांशी ताडून पाहणे, तो रोज वजन करतो की नाही याची परिचारिकेने दूरध्वनीवरून चौकशी करणे, आणि दोन-तीन दिवसांत वजन एकाएकी वाढल्यास, शरीरात पाणी साठू लागल्याचे ते चिन्ह जाणून, त्याला नेहमीच्या डॉक्टरांकडे तातडीने बोलावणे, ही कामे वरकरणी क्षुल्लक भासतात. पण पुन्हा खाटेवर येण्याचा प्रसंग पुष्कळदा त्यांनीच टळतो. ती एकमेकांच्या हातून निसटू नयेत म्हणून संघातील सर्वांनी रुग्णाचे एकच दप्तर पाहावे, ही अपेक्षा असते.

संघाकडे किमान ५,००० लाभार्थी असावे लागतात. मुख्यतः मागील तीन वर्षांच्या खर्चावरून ठरविलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष खर्च पुरेसा कमी झाला, तर बचतीचा हिस्सा संघास मिळतो. मात्र प्रतिबंधक लशी, रक्तदाबाचे नियंत्रण, रुग्णांचा स्वतःचा अनुभव अशा कसोट्यांना उतरल्यावाचून नाही. ही अट योजनेचा प्राण होय, कारण ती नसती तर आवश्यक उपचार टाळणे हाच बचतीचा सर्वांत सोपा मार्ग ठरला असता. आरंभी बहुतेक संघांनी नफ्यात भागी असणारी परंतु तोट्याची तोशीस न लागणारी पद्धत पत्करली. २०१८ च्या नियमांनी तोट्याचा भारही क्रमाने उचलणे त्यांना भाग पाडले.

रुग्णावर मात्र कोणतेही बंधन नसते: मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टराकडे तो जाऊ शकतो, आणि त्या बाहेरच्या उपचारांचा खर्चही संघाच्याच खाती मांडला जातो.