फटीपासून काचेपर्यंत: गॉगलचा प्रवास

गॉगलचा जन्म बर्फात झाला. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट शिकारी हाड, वॉलरसचा सुळा किंवा वाहून आलेले लाकूड कोरून डोळ्यांवर बसणारी पट्टी करत आणि तिला आडवी, बारीक फट ठेवत. आतून काजळी फासली की चकाकी आणखी घटे. काच नसल्याने वाफ धरण्याची कटकटही नव्हती. साधेपणात या पट्टीला तोड नाही. ताज्या बर्फावरून परतणारे अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात आणि हिमांधत्व येते. ते या फटीमुळे टळे.

चीनमध्ये धुरकट स्फटिकाचे चष्मे होते. मनातले भाव दिसू नयेत म्हणून न्यायाधीश ते लावत, असे सांगितले जाते. अतिनील किरण अडवणारी काच मात्र १९१३ च्या सुमारास विल्यम क्रुक्स यांनी सीरियम मिसळून घडवली. काचभट्टीवरील कामगारांना होणारा मोतीबिंदू हे त्यामागचे निमित्त. १९२९ मध्ये सॅम फॉस्टर यांनी अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकायला काढले. पुढे एडविन लँड यांच्या ध्रुवीकरण करणाऱ्या पटलाने पाण्यावरची आणि रस्त्यावरची चकाकी कापली.

काचेचा काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. गडद पण किरण न अडवणाऱ्या काचेमागे बाहुली विस्फारते आणि उलट जास्त किरण आत शिरतात. म्हणून ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी काच घ्यावी. आता बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. धूळ सदऱ्याच्या टोकाने कोरडीच पुसली की ओरखडे उठतात. आधी पाण्याने धुवावे, मग मऊ कापडाने टिपावे. उन्हात तापलेल्या गाडीत गॉगल ठेवल्यास फ्रेम वाकते, भिंगावरचा लेपही तडकतो.