पट्ट्यावरचा मुलूख, पट्ट्यावरची रेल्वे

यवतमाळच्या रेल्वेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात रुळांपासून करून भागत नाही, ती करारांपासून करावी लागते. 1853 साली हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पुढे 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला. मोबदला ठरला वर्षाला 25 लाख रुपये. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. कागदावर मालक निजाम, कारभारी इंग्रज. 1936 च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. पण त्या राजपुत्राची सत्ता वऱ्हाडातल्या एका चावडीवरही नव्हती.

इंग्रजांना या मुलखाचा एवढा मोह कशाचा? कापसाचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून भुसावळ, अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा असे टप्पे घेत 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. यवतमाळ मात्र बाजूला राहिले. इथला कापूस बैलगाडीने मोठ्या रुळापर्यंत न्यावा लागे.

ही उणीव भरून काढली एका खासगी कंपनीने. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली. तिच्या रुळांची रुंदी अवघी 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. यवतमाळ ते मुर्तिजापूर 113 किलोमीटर आणि मुर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, मिळून 189. दारव्हा आणि कारंजा ही वाटेतली ठळक गावे. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची मोठ्या रेल्वेने आणि कंपनीला तिचा मोबदला द्यायचा. मुलूख जसा पट्ट्यावर, तशीच त्यातली रेल्वेही पट्ट्यावर!

लोकांना या कराराशी घेणेदेणे नव्हते. त्यांनी गाडीला ‘शकुंतला’ म्हटले आणि ती आपली मानली. कंपनीने ती कापसासाठी आणली होती, पण तिच्यात बसली माणसे. आठवडी बाजाराला जाणारे भाजीवाले, पिंजारी, बांगड्या विकणारे कासार, कोर्टाच्या तारखेला निघालेले शेतकरी, माहेरी निघालेल्या लेकी, शाळेची पोरे. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. 1490 मध्ये स्थापन झालेल्या इमादशाहीची ही राजधानी. शाह दुल्हा रहमान यांचा दर्गाही तिथलाच. दर्ग्याला निघालेला यवतमाळचा माणूस मुर्तिजापूरला गाडी बदली आणि त्याच छोट्या रुळाने पुढे जाई. हजला निघालेले लोकही मुर्तिजापूरला उतरून मुंबईची मोठी गाडी धरत. 1995 पर्यंत मुंबईहून जिद्द्याला जहाजे जात. त्या सफरीचे पहिले पाऊल म्हणजे ही अडीच फुटांची गाडी.

मला लहानपणापासून रेल्वेचा शौक, त्यामुळे या गाडीने केलेला प्रवास ध्यानात राहिला आहे. वेग सायकलवाल्याला हेवा वाटू नये इतका. फाटक आले की गाडी थांबे, तिच्यावरचाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढे. तिकीट देणे, सिग्नल पाहणे, इंजिन सोडणे-जोडणे ही सगळी कामे त्याच मोजक्या माणसांची. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने सत्तरएक वर्षे हा भार ओढला. 1994 मध्ये त्याच्या जागी डिझेल आले. बसपेक्षा वेळ कितीतरी अधिक लागे, पण तिकीट फार स्वस्त. ज्याच्याकडे पैशांपेक्षा वेळ जास्त होता त्याची ही गाडी होती, आणि आपल्या जिल्ह्यात तशी माणसे पुष्कळ.

देश स्वतंत्र झाला. 1951-52 मध्ये रेल्वेचे नवे विभाग पडले, मध्य रेल्वे अस्तित्वात आली. पण ही मार्गिका खासगी मालकीचीच राहिली आणि जुना करार चालू राहिला. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे. स्लीपर कुजले तर बदलायचे कोणी? पूल दुबळा झाला तर खर्च कोणाचा? जो मालक होता तो रुळांवर फिरकत नव्हता आणि जो गाडी चालवत होता त्याला दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसा घालण्यात रस नव्हता. वेग घटत गेला, फेऱ्या कमी झाल्या आणि 2010 नंतरच्या दशकात गाडी थांबली. रुंदीकरणाची घोषणा 2016 मध्ये झाली, पण तिच्याने गाडी परत आली नाही.

मालकीचा प्रश्न मला अधिक भिडतो तो हिजाज रेल्वेच्या आठवणीने. सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी 1900 मध्ये दमास्कसहून मदिनेकडे रूळ टाकायला सुरुवात केली. 1908 मध्ये गाडी मदिनेला पोहोचली. लांबी सुमारे 1300 किलोमीटर, रूळ तेही अरुंदच, 1050 मिलिमीटरचे. या कामासाठी जगभरच्या मुसलमानांनी चंदा दिला, त्यात हिंदुस्थानातलेही होते. पुढे ती रेल्वे वक्फ ठरली. म्हणजे एकाच काळात एक रेल्वे नफ्यासाठी उभी राहिली आणि दुसरी प्रवाशांच्या सेवेसाठी. पहिल्या महायुद्धात हिजाज मार्गाची मोडतोड झाली आणि मदिनेपर्यंतची गाडी कायमची बंद पडली. वक्फ म्हटले की रेल्वे टिकतेच असे नाही, हेही तिथे दिसते. चांगल्या नियतीबरोबर निगा राखणारा हातही लागतो.

आज नागपूरच्या मेट्रोत बसलो की हाच हिशेब मनात येतो. 2019 मध्ये ती सुरू झाली, 2022 अखेर पहिला टप्पा पुरा झाला; सुमारे 40 किलोमीटर. रूळ 1435 मिलिमीटरचे, डबे थंडगार, दारे आपोआप मिटणारी. केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतली महामेट्रो कंपनी तिची मालक आहे आणि गाडीही तीच चालवते. बिघाड झाला तर बोट कोणाकडे दाखवायचे याचा घोळ नाही. शकुंतलेला एवढीच एक गोष्ट मिळाली असती तर! मेट्रो शहराला मिळाली याचे दुःख नाही, ती हवीच. पण नागपूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे सोपे होत असताना दारव्ह्याच्या म्हातारीला मुर्तिजापूर लांब झाले, हेही त्याच वर्षांत घडले.

जिल्हा अगदीच रेल्वेविना आहे असे नाही. वणीला मोठी गाडी आहे. पण जिल्ह्याचे ठाणे असलेले यवतमाळ वाट पाहत राहिले. वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या मोठ्या मार्गाची पायाभरणी 2009 मध्ये झाली आणि 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा खुला झाला. हा मार्ग यवतमाळवरून दिग्रस, पुसद करत नांदेडला जायचा आहे. या वेळी रूळ आणि गाडी दोन्ही एकाच्या, म्हणजे देशाच्या मालकीची आहेत, ही जमेची बाजू.

मात्र एक मागणी आपण आतापासून लावून धरली पाहिजे. या मार्गावर फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या धावल्या आणि लहान स्टेशनांवर थांबणारी, खिशाला परवडणारी पॅसेंजर नसली, तर बाजाराचा भाजीवाला आणि दर्ग्याची म्हातारी बसच्या थांब्यावरच उभी राहतील. शकुंतलेचे रूळ परक्यांचे होते, डबे मात्र गरिबांनी भरलेले असत. नव्या मार्गाचे वेळापत्रक ठरताना त्या डब्यांतल्या माणसांची आठवण ठेवणारा कोणीतरी तिथे असायला हवा.