हौद्यावरचे छप्पर आणि आतला धूर

हिवाळा सुरू झाला की उत्तर भारतातून एकाच धाटणीची बातमी दरवर्षी येते: बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. मारेकरी असतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीतला हा धोका आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनातही हाच वायू माणसाला गाठू शकतो. हा धडा अमेरिकेत पिकअप गाड्यांच्या हौद्यावर बसवलेल्या छपरांनी दिला.

फोर्ड कंपनीने 1925 मध्ये ‘मॉडेल टी’ची कारखान्यातच बांधलेल्या हौद्यासह विक्री सुरू केली. शेतकऱ्याच्या मालासाठी असलेला हा हौदा अर्थातच उघडा होता. पुढे त्यावर दोन प्रकारची आच्छादने आली. एक सपाट, हौद्याच्या काठाबरोबर बसणारे ‘टॉनो कव्हर’. टॉनो म्हणजे फ्रेंचमध्ये पिंप. जुन्या मोटारींच्या मागच्या बैठकीच्या भागाला हे नाव होते. दुसरे म्हणजे ‘कॅम्पर शेल’: ॲल्युमिनियमचे वा फायबरग्लासचे, खिडक्या असलेले उंच टप. 1960 मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक पिकअपच्या हौद्यावर चक्क छोटे घर बसवून अमेरिका पाहायला निघाले. सामान्य कुटुंबांना टप परवडे. आईवडील पुढे केबिनमध्ये आणि मुले मागे, टपाखाली, गादीवर झोपलेली, असा प्रवास रूढ झाला.

1992 मध्ये सिएटलच्या हॅम्पसन आणि नॉरकूल या संशोधकांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अपघाताने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊन उपचारांसाठी आलेल्या 68 मुलांपैकी 20 मुले पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करत होती. त्यांतील 17 बंद टपाखाली होती, तर 3 ताडपत्रीखाली. पंधरा जणांची शुद्ध हरपली होती. एक मूल दगावले. एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. प्रत्येक गाडीत दोनपैकी एक गोष्ट आढळली: सायलेन्सरच्या नळीला आधीपासून माहीत असलेली गळती, किंवा नळीचे तोंड बाजूला नसून थेट मागे.

गाडी धावत असताना धूर मागे पडायला हवा. मग तो आत शिरतो कसा? धावते वाहन हवा दुभंगत जाते, परंतु दुभंगलेली हवा त्याच्या पाठीमागे लगेच जुळत नाही. तिथे कमी दाबाचा भाग तयार होतो आणि त्यात भोवरे फिरत राहतात. धुळीच्या रस्त्यावर बसची मागची काच धुळीने माखते ती यामुळेच. मागच्या नळीतून सुटलेला धूर याच भोवऱ्यात सापडतो आणि फाळक्याच्या फटीतून, टपाच्या मागच्या दारातून आत येतो. गळकी नळी असेल, तर तो हौद्याच्या तळातील भोकांतूनही वर चढतो. हौदा उघडा असता तर आलेला धूर वाऱ्यात विरला असता. आच्छादन वारा अडवते आणि त्याबरोबर विरण्याची वाटही अडवते. आतील वायूचे प्रमाण किती धूर येतो यावर जितके ठरते, तितकेच किती हवा बदलते यावरही ठरते.

पुढचे काम रक्तात होते. हा वायू हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. ब्रिटनचे जे. एस. हॉल्डेन यांनी 1895 मध्ये तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. म्हणून हवेतील अल्प प्रमाणही हळूहळू रक्तात साठत जाते. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. टपाखालचे मूल मात्र झोपलेलेच दिसते आणि पुढे बसलेल्यांना शंकाही येत नाही.

1975 पासून अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. 1996 पर्यंत वाहनांच्या धुरातील या वायूने होणाऱ्या अपघाती मृत्यूंचे प्रमाण दर दहा लाखांमागे 4 वरून 1 च्याही खाली उतरले. मूळ हेतू शहरांची हवा स्वच्छ करण्याचा होता. त्यातून जीवही वाचले. तरीही कन्व्हर्टरच्या अलीकडे नळी फुटली, तर तो निरुपयोगी ठरतो.

आपल्याकडे एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानके लागू आहेत. शिवाय डिझेल इंजिनातून हा वायू पेट्रोल इंजिनाच्या मानाने पुष्कळ कमी निघतो. पण जुनी वाहने आहेत, फुटके सायलेन्सर आहेत, आणि पाऊस वा थंडी लागू नये म्हणून ताडपत्री ओढून हौद्यात बसलेले मजूर आणि वऱ्हाडीही आहेत. मालवाहू वाहनात माणसे नेणे नियमबाह्य आहे आणि उलटलेल्या पिकअपच्या बातम्या त्याचे पहिले कारण सांगतात. धूर हे दुसरे, न दिसणारे कारण.

म्हणून एवढे ध्यानात असू द्यावे: आच्छादन मालासाठी आहे. त्याखाली माणूस, विशेषतः मूल, बसवू नये. आणि तिथे झोपलेले कोणी हाक मारूनही उठत नसेल, तर त्याला थकवा समजू नये. आधी मोकळ्या हवेत आणावे, मग तडक रुग्णालय गाठावे.