तुमचा पॅन दुसरंच कोणी वापरतंय का? असं तपासा

मागच्या वर्षी रिटर्न भरायला बसलो आणि चक्रावलोच. ज्या कंपनीचं नावही कधी ऐकलं नव्हतं, तिने मला पगार दिल्याची नोंद होती!

ही नोंद सापडली एआयएसमध्ये. तुमच्या पॅनवर दाखवलेला पगार, व्याज, शेअर्सचे व्यवहार तिथे दिसतात. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून एआयएस उघडा. कमाई नसली तरी अधूनमधून बघाच. अनोळखी नोंद दिसली तर तिच्या फीडबॅकमध्ये 'इन्फर्मेशन इज डिनाइड' निवडा. मी तेच केलं, शिवाय पोर्टलवर तक्रारही नोंदवली. गप्प बसलात तर न मिळालेल्या पैशांवरच्या कराची नोटीस तुम्हालाच येऊ शकते.

आता मी काय काळजी घेतो?

• पॅनची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि कारण लिहून सही करतो.
• पोर्टलवर 'ई-फायलिंग व्हॉल्ट' सुरू ठेवलंय. नुसता पासवर्ड कळून कोणाला आत शिरता येत नाही.
• वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट रिपोर्ट बघतो. माझ्या पॅनवर कोणी कर्ज काढलं असेल तर ते तिथे कळतं.

फसवणुकीत खात्यातून पैसे गेले असतील, तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करा.