हील्सव्हिलची सहल आणि कोरांडर्कची जमीन

मेलबर्नमध्ये भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की त्यांना दाखवायच्या स्थळांची यादी जवळजवळ ठरलेलीच असते. कॅरम डाउन्सचे शिवा-विष्णू मंदिर, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि हील्सव्हिल सँक्च्युअरी. यातले हील्सव्हिल सर्वात सोयीचे. शहरापासून साधारण ६५ किलोमीटर, लिलीडेल मागे टाकले की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि समोर डोंगर. सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासभर चहा घेऊन निघावे, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. आजी-आजोबांना चालायला सपाट रस्ते, मुलांना कांगारू आणि आपल्याला झाडांची सावली. आपल्यापैकी बहुतेकांच्या अल्बममध्ये हील्सव्हिलच्या कोआलासोबत काढलेला एक तरी फोटो असेलच.

पाहुण्यांचा एक प्रश्न मात्र हमखास येतो, "अरे, इथे वाघ-सिंह नाहीत का?" नाहीत. हत्ती नाही, जिराफ नाही, माकडसुद्धा नाही. इथले सगळे प्राणी-पक्षी ऑस्ट्रेलियातलेच. कांगारू, वॉम्बॅट, डिंगो, एकिडना, ईमू, लायरबर्ड, टास्मानियन डेव्हिल आणि अर्थातच प्लॅटिपस. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण या देशातल्या लोकांना इथलेच प्राणी जपण्याजोगे वाटू लागले, त्याला बराच वेळ जावा लागला. आणि ते वाटू लागले त्याच वेळी, त्याच जमिनीवर, दुसरेही काहीतरी घडत होते. सहलीला जाताना हे माहीत असावे म्हणून हा लेख.

सुरुवात उलट्या टोकाने झाली. १८६१ मध्ये मेलबर्नमध्ये 'अ‍ॅक्लिमटायझेशन सोसायटी' स्थापन झाली. एडवर्ड विल्सन हे 'आर्गस' या वृत्तपत्राचे संपादक तिच्या पुढाऱ्यांपैकी. या मंडळींचे म्हणणे असे की हा प्रदेश ओसाड आणि मुका आहे, इथे बाहेरचे उपयुक्त आणि सुंदर प्राणी-पक्षी आणून सोडले पाहिजेत. त्याआधीच, १८५९ मध्ये, विंचेल्सीजवळच्या थॉमस ऑस्टिन यांनी शिकारीच्या हौसेने इंग्लंडहून ससे मागवले होते. त्या सशांनी पुढे अर्धा खंड कसा फस्त केला, ते इथल्या शाळेत जाणारी आपली मुलेच आपल्याला सांगतात.

या आयात मालात एक आपलाही आहे बरे का. १८६० च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खाण्यासाठी आणलेली साळुंकी! हील्सव्हिलच्या वाटेवर कुठल्याही दुकानाच्या वाहनतळावर उतरा, पिवळ्या चोचीची, रुबाबात चालणारी साळुंकी समोर असतेच. भारतातून आलेल्या आजोबांना ती दिसली की त्यांचा चेहरा खुलतो, "अगं, ही तर आपली!" आणि शेजारी उभी असलेली, शाळेतून शहाणी होऊन आलेली नात म्हणते, "आजोबा, ती पेस्ट आहे." ती देशी पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते, म्हणून इथे तिच्याविषयी कोणी चांगले बोलत नाही. २००० साली जगातल्या सर्वात उपद्रवी परकीय प्रजातींपैकी शंभरांची जी यादी निघाली, तिच्यात पक्षी फक्त तीन, आणि त्यात साळुंकी आहे. बिचारीला कोणी विचारून थोडेच आणले होते! असो.

दरम्यान इथल्या प्राण्यांचे काय चालले होते? कोआलाच्या कातड्याला परदेशात भाव होता. व्हिक्टोरियात १८९८ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळाले, तोवर तो बऱ्याच भागांतून नाहीसा झाला होता. क्वीन्सलंडमध्ये तर १९२७ साली सरकारने शिकारीची परवानगी दिली आणि एका महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. त्यावर मोठा ओरडा झाला आणि मग कुठे हवा बदलली.

या बदलत्या हवेच्या आधीच ज्यांना काळजी वाटत होती, असे एक गृहस्थ म्हणजे डॉक्टर कॉलिन मॅकेंझी. जन्म १८७७ चा, किलमोर गावचा. हाडांचे आणि स्नायूंचे डॉक्टर. पोलिओ झालेल्या मुलांच्या स्नायूंना योग्य स्थितीत विश्रांती द्यावी, हा त्यांच्या उपचारांचा गाभा. माणसाचे स्नायू समजण्यासाठी त्यांनी कोआला, वॉम्बॅट, प्लॅटिपस यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला आणि त्यातून त्यांना वाटू लागले की हे प्राणी संपण्याआधी त्यांचा अभ्यास व्हायला हवा. १९२० मध्ये त्यांनी हील्सव्हिलजवळ बॅजर क्रीकच्या काठी ७८ एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन संशोधन केंद्र सुरू केले. आपला नमुन्यांचा प्रचंड संग्रह त्यांनी राष्ट्राला दिला. त्यातून कॅनबेरात शरीररचनाशास्त्राची संस्था उभी राहिली. (फार लॅप या प्रसिद्ध घोड्याचे हृदय याच संस्थेत ठेवले होते. तिची इमारत आता राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाकडे आहे.) बॅजर क्रीकची जागा पुढे हील्सव्हिलच्या नगरपालिकेकडे आली आणि १९३४ मध्ये 'सर कॉलिन मॅकेंझी सँक्च्युअरी' या नावाने लोकांसाठी खुली झाली.

तिला नाव मिळवून दिले ते डेव्हिड फ्ले यांनी. बॅलराटचा हा प्राणिवेडा माणूस १९३७ मध्ये इथे संचालक म्हणून आला. त्याआधी, १९३३ च्या डिसेंबरात, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातल्या शेवटच्या टास्मानियन वाघाचे त्यांनी चित्रीकरण केले होते आणि चित्रीकरण चालू असताना त्या वाघाने त्यांच्या बैठकीचाच चावा घेतला होता! तो प्राणी १९३६ मध्ये मेला आणि जातच संपली. फ्ले यांची ती काही सेकंदांची फिल्म आजही पाहायला मिळते.

प्लॅटिपस हा प्राणीच मुळात चक्रम. बदकाची चोच, बीव्हरसारखी शेपूट, अंगावर केस, अंडी घालतो आणि पिल्लांना दूध पाजतो. १७९९ मध्ये लंडनमध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉ यांना कोणी दोन प्राणी एकत्र शिवून फसवत तर नाही ना, अशी शंका आली होती. तो खरोखर अंडी घालतो, हे शास्त्रज्ञांना १८८४ मध्ये पटले. अशा लाजाळू प्राण्यासाठी फ्ले यांनी पाण्याची टाकी, बिळे आणि लाकडी बोगदे असलेले खास घर बांधले. जॅक आणि जिल नावाच्या जोडीला १९४३ च्या अखेरीस पिल्लू झाले. त्याचे नाव कॉरी. बंदिस्त जागेत जन्मून वाढलेले जगातले हे पहिले प्लॅटिपस. हे पुन्हा साधायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. १९९८-९९ मध्ये इथेच जुळी झाली, तेव्हा.

त्याच १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाकडे सहा प्लॅटिपस मागितले. लंडनवर बॉम्ब पडताहेत आणि पंतप्रधानांना प्लॅटिपस हवेत! फ्ले यांनी सहाला नकार दिला आणि एक तयार केला. त्याचे नाव ठेवले विन्स्टन. बोटीवर त्याच्यासाठी बिळांसकट घर, गांडुळांचा साठा आणि एक सेवक. लिव्हरपूल चार दिवसांवर असताना विन्स्टन मेला. शत्रूच्या पाणबुडीवर टाकलेल्या स्फोटकांच्या हादऱ्याने तो दगावला, असे पुढची कित्येक वर्षे सांगितले गेले. २०२५ मध्ये सिडनीच्या विद्यार्थ्यांनी बोटीवरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विषुववृत्ताजवळ पाणी आणि हवा फार तापल्याचे दिसले. त्या बिचाऱ्याला उन्हाने मारले असावे, असा आता कल आहे.

इथवरची गोष्ट सँक्च्युअरीत फिरताना कानावर पडते. पण मॅकेंझींना मिळालेली ती ७८ एकर जमीन आली कुठून?

ती होती कोरांडर्कची. त्यासाठी १८६३ पर्यंत मागे जावे लागते. मेलबर्नच्या परिसरातले मूळ रहिवासी म्हणजे कुलिन समूहाचे लोक, आणि यारा नदीकाठचे वुरुंजेरी त्यांच्यापैकीच. गोरे लोक आल्यापासून तीस वर्षांत रोगराई, बंदुका आणि मेंढ्यांच्या कुरणांनी त्यांची दैना केली होती. सायमन वोंगा आणि त्यांचे चुलतभाऊ विल्यम बराक या दोन पुढाऱ्यांनी ठरवले की आपल्याला आपल्याच प्रदेशात शेतीपुरती जमीन मिळवायची. १८३५ मध्ये जॉन बॅटमन यांनी वुरुंजेरी मुखियांशी केलेल्या 'करारा'च्या वेळी आपण लहान मुलगा म्हणून हजर होतो, असे बराक सांगत. म्हणजे मेलबर्नच्या जन्मापासूनचा सगळा खेळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १८६३ च्या सुरुवातीला ही मंडळी जॉन ग्रीन या स्कॉटिश धर्मोपदेशकासह डोंगर ओलांडून बॅजर क्रीक जिथे याराला मिळते, तिथे येऊन राहिली. मे महिन्यात, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, वोंगांनी मेलबर्नला जाऊन गव्हर्नरांना भेटी दिल्या. जूनमध्ये २,३०० एकरांची राखीव जमीन जाहीर झाली. पुढे ती ४,८५० एकर झाली. एका स्थानिक झुडपाच्या नावावरून जागेचे नाव पडले कोरांडर्क.

आणि या लोकांनी ती जमीन कसून दाखवली. जंगल साफ केले, घरे, शाळा, बेकरी उभी केली, गहू आणि भाज्या पिकवल्या. १८७० च्या दशकात बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सची लागवड केली आणि त्या पिकाला मेलबर्नच्या बाजारात उत्तम भाव मिळाला. नडले तेच. इतकी सुपीक जमीन या लोकांच्या ताब्यात कशाला, असे आसपासच्या जमीनदारांना वाटू लागले. लोकांचा विश्वास असलेले ग्रीन यांना १८७४ मध्ये दूर करण्यात आले आणि सगळ्यांना दुसरीकडे हलवण्याच्या योजना सुरू झाल्या.

तेव्हा बराक आणि त्यांच्या सोबत्यांनी जे केले, ते वाचताना मी थक्क झालो. त्यांनी अर्ज लिहिले, वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली, मंत्र्यांना भेटायला हील्सव्हिलहून मेलबर्नपर्यंत पायी शिष्टमंडळे नेली. आपण तासाभरात गाडीने जातो तो साठेक किलोमीटरचा रस्ता. १८८१ मध्ये सरकारला चौकशी नेमावी लागली आणि तिच्यापुढे कोरांडर्कच्या स्त्री-पुरुषांनी स्वतः साक्षी दिल्या. रेशन, पगार, गळकी घरे, सगळे सांगितले. १८८४ मध्ये जमीन कायमची राखीव ठरली. जिंकले म्हणावे, तोवर १८८६ चा कायदा आला. ज्यांच्या रक्तात गोऱ्यांचा अंश आहे आणि वय पस्तिशीच्या आत आहे, त्यांनी वस्ती सोडायची. म्हणजे कामाची माणसे गेली, कुटुंबे फुटली, मागे उरले म्हातारे. मग १८९३ मध्ये, एवढ्या थोड्या लोकांना इतकी जमीन कशाला, म्हणून निम्मी जमीन काढून घेतली. आधी माणसे काढायची आणि मग माणसे नाहीत म्हणून जमीन काढायची, या युक्तीला काय म्हणावे?

बराक १९०३ मध्ये वारले. उतारवयात त्यांनी कोळसा आणि गेरूने काढलेली समारंभांची आणि नृत्यांची चित्रे आज मोठमोठ्या कलादालनांत आहेत. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडकडे पायी जाताना आपण जो पूल ओलांडतो, तो विल्यम बराक ब्रिज. भारताचा सामना पाहायला जाताना ढोल वाजवत आपण त्यावरून किती वेळा गेलो असू!

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १९२० मध्ये कोरांडर्कच्या ७८ एकरांवर देशी प्राण्यांचे केंद्र सुरू झाले. १९२४ मध्ये कोरांडर्कची वस्ती बंद झाली आणि बहुतेक उरलेल्या लोकांना दूर गिप्सलंडमधल्या लेक टायर्सला नेण्यात आले. काही वृद्धांनी हलायला साफ नकार दिला आणि ते तिथेच राहिले. ज्या जमिनीवर 'मूळचे' प्राणी नामशेष होऊ नयेत म्हणून कुंपण घातले जात होते, तिथूनच मूळची माणसे हलवली जात होती. मॅकेंझींच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या काळच्या शास्त्राची नजर कशी होती पाहा. त्यांच्या कॅनबेराच्या संस्थेसाठी मूळ रहिवाशांच्या दफनभूमी उकरून शेकडो सांगाडे गोळा केले गेले. असे सांगाडे परत मिळवायला मूळ रहिवाशांना १९८० च्या दशकात न्यायालयाची पायरी चढावी लागली.

१९४८ मध्ये कोरांडर्कचे राखीवपण रद्द झाले आणि जमीन युद्धावरून परतलेल्या सैनिकांना वसाहतीसाठी दिली गेली. दफनभूमी तेवढी राहिली. बराक तिथेच आहेत. त्यांच्यासोबत सुमारे तीनशे जण.

सँक्च्युअरीचे आजचे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. व्हिक्टोरियाचा राज्यपक्षी हेल्मेटेड हनीईटर १९९० च्या सुमारास पन्नासेक उरला होता. तो टिकला त्यात इथल्या प्रजनन केंद्राचा मोठा वाटा आहे. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत आग जवळ आली, तेव्हा इथले दुर्मीळ प्राणी हलवावे लागले आणि नंतर इथल्याच दवाखान्यात भाजलेल्या कोआलांवर उपचार झाले.

१९९९ मध्ये कोरांडर्कच्या जुन्या जमिनीपैकी सुमारे २०० एकर जागा विकत घेऊन वुरुंजेरी वंशजांच्या हाती देण्यात आली. ४,८५० पैकी २००. तिथे पुन्हा शेती आणि गुरे आहेत.

आणि ते कोरांडर्क झुडूप? इंग्रजीत त्याला व्हिक्टोरियन ख्रिसमस बुश म्हणतात. ओढ्याच्या काठाने वाढते आणि उन्हाळ्यात, नाताळाच्या सुटीच्या सुमारास, पांढऱ्या फुलांनी भरून जाते. फुलाच्या आत जांभळे ठिपके असतात. डिसेंबरमध्ये पाहुण्यांना घेऊन गेलात, तर बॅजर क्रीकच्या बाजूला शोधून पाहा.