तळटीप : ‘थ्री फेज आली, चला’
महाराष्ट्रातल्या खेड्यांत घरचे दिवे सिंगल फेजवर चालतात. शेतीपंपाला बहुधा थ्री फेज लागते आणि ती पाळीपाळीने, ठरावीक तासच, पुष्कळदा रात्रीची मिळते. घरात उजेड असूनही विहिरीवरची मोटर बंद, हे मूळ मजकुरातले वर्णन म्हणूनच अक्षरशः खरे आहे. फेज आणि न्यूट्रल यांच्यातला दाब २३० व्होल्ट, तर कोणत्याही दोन फेजांमधला ४०० (जुन्या मोटरींच्या पाटीवर ४१५ दिसेल). दुप्पट, म्हणजे ४६० का नाही? कारण तिन्ही फेजांचे चढउतार एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे असतात. त्यामुळे फरक तीनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.७३ पट येतो. त्याच मजकुरात पुढे मोटर ‘नुसतीच घुमते, फिरत नाही’ असे येते, तेव्हा एका फेजचा फ्यूज उडालेला असणार. उरलेल्या दोन फेजांवर थांबलेली मोटर सुरूच होत नाही. जागीच गुरगुरते, जादा प्रवाह ओढते, तापते. स्टार्टर तात्काळ पाडला नाही तर काही मिनिटांत वाइंडिंग जळते. मग मोटर वर काढा, तालुक्याला न्या, भरून आणा; आणि इकडे ऐन दाणे भरताना गव्हाचे पाणी चुकते.