ढोलकी तीच, गण बदलला

माझा आजा तमाशात ढोलकी वाजवायचा. हे एवढंसं वाक्य लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली, ती बातमी गावाकडं आली, तशी आज्यानं ढोलकी माळ्यावर टाकली ती पुन्हा खाली काढली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सोडलं ते सोडलं. आता त्याचं नाव काढायचं न्हाई." बापानंही काढलं नाही.

मागं एका चर्चासत्रात मी आंबेडकरी जलशांवर बोललो. बोलून झाल्यावर एक प्राध्यापक उठले. म्हणाले, जलसा हा प्रचार. त्याचं सामाजिक मोल मोठं आहे, पण त्याला कला म्हणू नये. आपल्याच पोरांनी माना डोलावल्या. मला राग आला तो त्या मानांचा. आज्याला गावानं सांगितलं होतं, तुझी कला हलकी. आता शिकलेली माणसं सांगतात, ती कलाच नव्हे. कला म्हणजे काय हे ठरवतं कोण, एवढंच मला विचारायचंय. आणि ते इतिहासालाच विचारलेलं बरं.

तमाशाचा फड उभा राहिला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या जातींच्या गळ्यावर आणि पायांवर. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, तिच्यात कृष्ण, पेंद्या, मावशी. मग लावणी आणि दौलतजादा. शेवटी वग. बघणारा गाव, नाचणारी आपली बाई. रात्री जो तिच्यावर पैसे उधळायचा, त्याला सकाळी तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. सोंगाड्या मधूनच पाटलाला चिमटा काढायचा, तेवढीच काय ती मोकळीक. ज्यांनी कला घडवली, त्यांचं स्वतःचं जिणं त्या कलेत उघड सांगायची सोय नव्हती.

ही चौकट हलवायला सुरुवात केली जोतीरावांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. जोशीबुवा अडाणी कुणबी नवराबायकोला कसा लुबाडतो आणि शेवटी ती दोघं शाळेची वाट कशी धरतात, ही त्यातली गोष्ट. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. जोतीरावांच्या हयातीत ते छापूनही निघालं नाही. मराठी रंगभूमी १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'पासून सुरू झाली असं आपण घोकतो. त्यानंतर बाराच वर्षांनी लिहिलेलं हे नाटक मात्र कितीजणांना ठाऊक असतं? म्हणजे देवादिकांचं लग्न लावलं की कला, आणि कुणब्याच्या घरातली लूट दाखवली की प्रचार. हा निवाडा तेव्हापासूनचा आहे.

२४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. पुढं त्याचे जलसे सुरू झाले. सत्यशोधकांनी तमाशाचीच घडण उचलली. नवा बाजा आणला नाही, नवी भाषा आणली नाही. गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी, असा अर्थ लावला. वगात सावकार आणि भटजी आणून बसवले. ज्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, त्याला रात्रीत समजलं की आपल्याला कोण खातंय.

आंबेडकरी जलशांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. २० मार्च १९२७ ला महाडचं तळं पेटलं, २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच धगीत नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारखे जलसाकार उभे राहिले. गणातला देव गेला. गवळणीतली चेष्टामस्करी गेली. नाची गेली. राहिली ती ढोलकी, तुणतुणं, झीलकरी आणि सवालजबाब. सवाल कुणी करायचा? गावकीत अडकलेल्या म्हाताऱ्यानं. जबाब कुणी द्यायचा? शाळेत जाणाऱ्या पोरानं. मेलेलं ढोर ओढू नका, मुरळी सोडू नका, पोरं शाळेत घाला, हे सगळं गाण्यातून आणि हसवून सांगायचं. हे काम करणारी माणसं बहुतेक कष्टकरी. दिवसा पोटासाठी राबायचं आणि रात्री बत्तीच्या उजेडात उभं राहायचं. कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात ही हकीकत लिहून ठेवली, नाहीतर तीही गेली असती.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. ती लपवून इतिहास लिहिता येणार नाही. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण माणूस, तमाशाच्या नादानं घर सोडून आलेला. त्यांच्या फडात पवळा होती, आपल्या महार समाजातली, संगमनेरकडच्या हिवरगावची. महाडच्या सत्याग्रहाला तमाशाच्या खेळांचं उत्पन्न द्यायची तयारी बापूरावांनी दाखवली. बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले. आपल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा माणुसकीच्या लढ्याला चालणार नाही, ही त्यामागची भूमिका.

ती भूमिका मला पटते. माझ्या आज्यालाही पटली, म्हणून तर ढोलकी माळ्यावर गेली. पण पवळेचं काय? बापूरावांना शाहीर म्हणून इतिहासात जागा मिळाली. पवळा त्यांच्या गोष्टीत अर्धीमुर्धी उरली. जलशातून नाची गेली तेव्हा बाईची विटंबना थांबली, हे खरं. पण ज्या बाया फडातच राहिल्या त्यांना वस्तीनंही नाक मुरडलं, हेही खरं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला, तरी उतारवयात त्यांच्या वाट्याला हलाखीच आली. २००२ साली त्या गेल्या, आणि आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या बायांचा इतिहास मांडला आहे. 'अश्लील' हा शिक्का जातीनं कसा घडवला, हे त्यांनी दाखवलं. हे काम आपण आधीच करायला पाहिजे होतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, मग सुधारणेच्या अटीवर परवानगी दिली. सुधारलेल्या खेळाला 'लोकनाट्य' हे नाव चालू झालं. त्याआधीच, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णाभाऊ वाटेगावच्या मांगवाड्यातले, शाळा जेमतेम दीड दिवस. त्यांनी गणात देवाऐवजी मायभूमीला आणि राबणाऱ्या हातांना मुजरा घातला. ते लाल बावट्याचे, निळ्याचे नव्हेत, यावर आपल्यात वाद झाले, होऊ देत. पण १९५९ ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे विसरू नका.

पुढं काय झालं बघा. पांढरपेशा रंगभूमीलाही गण-गवळण आवडू लागली. १९६५ साली वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं आणि नाट्यगृहं भरली. चांगलंच झालं, मी त्या कलावंतांना नावं ठेवत नाही. पण तीच ढोलकी तिकीट लावून नाट्यगृहात वाजली की कला, आणि वस्तीत बत्तीखाली वाजली की प्रचार, हा हिशेब मला कळत नाही. वाद्य बदललं नाही, ताल बदलला नाही. बदलला तो फक्त समोर बसलेला माणूस.

दोस्तांनो, म्हणून आपलं म्हणून सगळंच थोर, असं मात्र मी म्हणणार नाही. रटाळ जलसा रटाळच असतो. पण त्याचा निकाल तिथंच लागायचा. मैदानात बसलेल्या माणसानं तिकिटाला पैसे मोजलेले नसायचे. कंटाळला की धोतर झटकून उठून जायचा. त्याला दिवसभराच्या कामानंतर पहाटेपर्यंत बसवून ठेवायचं, हसवायचं, आणि सकाळी त्यानं गावकीचं काम नाकारावं एवढं त्याला हलवायचं, हे कसब नाही तर काय? ज्या कलेनं माणूस दुसऱ्या दिवशी वेगळा उठतो, तिला कला म्हणायला परवानगी कुणाची घ्यायची? आपण तर कुणाची घ्यायलाच नको.

बाप वारल्यावर मी माळा साफ केला. ढोलकीचं लाकूड शाबूत होतं, पुडी फाटली होती. ती मी नव्यानं मढवून घेतली. या १४ एप्रिलला वस्तीतल्या पोरीनं ती वाजवली. पोरीनं, हे मुद्दाम सांगतो. आज्याची लाज मला पुसायची नाही. ती लाज कुणी लादली हे त्या पोरीला सांगायचंय.

तुमच्याकडं एक काम मागतो. तुमच्या वस्तीत जलशाची, गायनपार्टीची जुनी वही कुणाकडं असेल. वाळवी लागायच्या आत ती उतरवून घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. आणि नावं लिहिताना झीलकऱ्यांची लिहा, ढोलकीवाल्यांची लिहा, फडात नाचलेल्या आयाबायांची आधी लिहा.

जय भीम.